वाईन द्राक्षाची तोडणी कधी करायची? जातीनुसार टप्पे, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची बाग वर्षानुवर्षं सांभाळलेला माणूस वाईनच्या जातीकडे वळला की पहिली दोन-तीन वर्षं एकच चूक करत राहतो. रिफ्रॅक्टोमीटर (रसाची गोडी मोजायचं यंत्र) काढतो, समोरच्या घडाचे चार मणी पिळतो, आकडा बघतो आणि वाईनरीला फोन लावतो की माल तयार आहे, गाडी कधी आणू. खायच्या द्राक्षाला हे चालून जातं, तिथे गोडी, मण्याची साईज आणि रंग बघितला की काम झालं. वाईनच्या द्राक्षात गोडी, आम्लता, पीएच, सालीचा रंग, बीचा कडूपणा आणि वास एवढ्या सगळ्या गोष्टी एका दिवसाच्या आसपास जुळाव्या लागतात आणि तो दिवस प्रत्येक जातीचा वेगळा असतो. चेनिनचं कोष्टक शिराझला लावलं की माल परत येतो नाहीतर ग्रेड खाली जातो, आणि मग दोष वाईनरीला दिला जातो.

हे सगळं नाशिक, दिंडोरी, निफाड पट्ट्यातल्या बागा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी. खुंट कुठला, लागवड किती अंतरावर यात जात नाही. मण्यात पाणी उतरायला लागल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडून रंगायला लागल्यापासून, माल वाईनरीच्या काट्यावर जाईपर्यंत काय कोणत्या क्रमाने करायचं, तेवढंच.

## टप्पा १: पाणी उतरताना करायची तयारी

तोडणीची तयारी तोडणीच्या आठवड्यात होत नाही, ती पाणी उतरताना सुरू करायची. आधी हे करून टाका.

प्लॉटचा नकाशा काढा. साध्या वहीच्या पानावर चालेल. कुठे मुरूम, कुठे काळी जमीन, कुठे ड्रीपचं प्रेशर कमी पडतं, कुठल्या ओळी विहिरीच्या बाजूला आहेत. मुरमाड तुकडा आणि काळा तुकडा यांच्या पक्वतेत आठवडा-दहा दिवसांचा फरक सहज पडतो. फरक मोठा असेल तर एकाच जातीचे दोन प्लॉट समजा, नमुने वेगळे घ्या आणि तोडणीही वेगळी करा.

मागे पडलेले घड आत्ताच काढा. लाल जातीत बाकीचे घड रंगात आलेले असताना जे अजून हिरवेगार आहेत ते शेवटपर्यंत मागेच राहतात. ते आता जमिनीवर टाका. बगलफुटींवर उशिरा आलेले छोटे घडही काढा. माल फेकताना जीव तुटतो, मला माहितीये, पण तेच आंबट घड शेवटी क्रेटमध्ये जातात आणि सगळ्या गाडीचा आकडा खाली ओढतात.

पानं एकाच बाजूची काढा. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर घडाजवळची पूर्वेची पानं विरळ करायची म्हणजे सकाळचं ऊन आत जातं आणि हवा खेळते. पश्चिमेची पानं ठेवा. फेब्रुवारीच्या दुपारचं ऊन थेट घडावर पडलं की मणी भाजतात.

फवारणीची वही उघडा. प्रत्येक औषधाचा तोडणीपूर्व कालावधी, म्हणजे पीएचआय, बघून शेवटची तारीख लिहून ठेवा. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी आणि पीएचआय देतं, ती मोबाईलमध्ये असू द्या. वाईनसाठी याशिवाय दोन गोष्टी जास्तीच्या आहेत ज्या खायच्या द्राक्षात कुणी बघत नाही. गंधक तोडणीच्या किमान महिनाभर आधी बंद करायचं, सालीवर राहिलेल्या गंधकामुळे आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो. आणि सोव्हिनॉन ब्लाँकमध्ये पाणी उतरल्यावर बोर्डो किंवा कुठलंही तांबं शक्यतो नको, तांब्यामुळे त्या जातीचा जो खास फळांचा वास आहे तोच मरतो.

करार पुन्हा वाचा. ब्रिक्स (रसातल्या साखरेचा आकडा) किती, पीएचची मर्यादा आहे का, टनेजची मर्यादा किती, सड किती टक्के चालते, माल किती वाजेपर्यंत पोचला पाहिजे. हे सगळं आत्ता माहीत पाहिजे, गेटवर नाही.

सामानात काय काय हवं तर रिफ्रॅक्टोमीटर, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, साधा पीएच मीटर आणि त्याची ४ आणि ७ ची बफर सोल्युशन्स, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, झिपच्या पिशव्या, मार्कर, वही. पीएच मीटर स्वस्तातला चालेल पण बफर ताजी हवीत.

> सावधान: गोडी वाढावी म्हणून शेवटी शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे पोटॅशचं खत, सोडायची जी सवय आहे ती वाईनच्या बागेत फार नडते. पोटॅश मण्यात जास्त गेलं की रसाचा पीएच वर चढतो, ब्रिक्स छान दिसतो आणि रस मात्र मिळमिळीत होतो. पान-देठ परीक्षणात पोटॅशची कमतरता असेल तरच द्या. जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक आम्ल) आणि गर्डलिंगचं (खोडाची साल गोल कापण्याचं) तर नावच नको, इथे मणी बारीक राहिलेलाच चांगला, कारण रंग, वास आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) बहुतेक सालीत असतं आणि मणी फुगला की सालीचं प्रमाण घटतं.

## टप्पा २: आपली जात कशी वागते ते समजून घ्या

पुढचे सगळे आकडे यावर अवलंबून आहेत म्हणून इथे जरा थांबतो.

चेनिन ब्लाँक. जोमदार वेल, मोठा आणि गच्च घड, माल भरपूर. हिची मोठी ताकद म्हणजे आम्लता, उन्हाळा लागला तरी ती बऱ्यापैकी टिकून राहते, म्हणूनच आपल्याकडे ती रुजली. अडचणी दोन. पहिली, ती मागाल तेवढा माल देते आणि एकरी टनेज वाढलं की रस नुसता गोड पाणी होतो, २१ ब्रिक्सला पण चवच नसते. दुसरी, एकाच घडात मणी पुढे-मागे पिकतात. वरच्या खांद्याचा मणी मधासारखा आणि खालच्या टोकाचा हिरव्या सफरचंदासारखा. शिवाय घड गच्च असल्यामुळे आतला एक मणी फुटला की सड आतल्या आत पसरते आणि बाहेरून काही कळत नाही, मिलीबगही (पिठ्या ढेकूण) आतच लपतो. तोडणी कशासाठी हे आधी विचारा. स्पार्कलिंगसाठी (फेसाळत्या वाईनसाठी) १७ ते १९ ब्रिक्सला, आम्लता जास्त असतानाच तोडतात, साध्या पांढऱ्या वाईनसाठी २१ ते २२ ला. ही दोन तोडण्यांमधली तफावत दोन-तीन आठवड्यांची असू शकते, त्यामुळे "चेनिन कधी तोडू" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच.

सोव्हिनॉन ब्लाँक. छोटा गच्च घड, बारीक मणी, लवकर येणारी. वेल मात्र वेडीवाकडी वाढते आणि सावली केली की मण्याला ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास राहतो. थोडा असला तर तो या जातीचा गुणच आहे, फार झाला तर दोष. वेळ चुकायला सगळ्यात सोपी जात ही. दिवस तापायला लागले की आम्लता आणि वास दोन्ही भराभर उतरतात आणि तीन-चार दिवसांत चकोत्र्या-पॅशनफ्रूटसारखा वास जाऊन नुसता गोड रस उरतो. २० ते २२ ब्रिक्स, पण इथे आकड्यापेक्षा नाक आणि पीएच बघायचा. उशीर करण्यापेक्षा दोन दिवस आधी तोडलेली कधीही बरी.

शिराझ. लांबट मणी, रंग चांगला, नाशिकला मानवलेली जात. हिचा एक स्वभाव माहीत नसेल तर हमखास फसगत होते. शेवटच्या टप्प्यात शिराझचा मणी पाणी गमावून सुरकुततो. ब्रिक्स वाढताना दिसतो पण नवीन साखर येतच नसते, आहे तीच आटते. आमच्याच एका प्लॉटमध्ये चार दिवसांत ब्रिक्स २२.५ चा २४ झाला, आम्ही खूश होऊन अजून आठवडाभर थांबलो, आणि काट्यावर माल अंदाजापेक्षा बराच कमी भरला, पीएचही हाताबाहेर गेलेला. तेव्हापासून शिराझमध्ये प्रत्येक नमुन्याला १०० मण्यांचं वजन केल्याशिवाय मी ब्रिक्सवर विश्वास ठेवत नाही. वजन स्थिर आणि ब्रिक्स वाढतोय तर साखर येतेय, वजन घटतंय आणि ब्रिक्स वाढतोय तर मणी सुकतोय, तोडणी लावा. साधारण २३ ते २४.५ मध्ये काम होतं. चव जांभळाकडे झुकते आणि मागून काळ्या मिरीचा हलका झटका येतो.

कॅबरने सोव्हिनॉन. बारीक मणी, जाड साल, गराच्या मानाने बिया जास्त, घड मोकळा. सगळ्यात उशिरा येणाऱ्यांपैकी, आणि वेलीवर थांबायला सगळ्यात भरवशाची. जाड सालीमुळे सडीला सहज बळी पडत नाही, म्हणून ब्रिक्स झाला तरी बिया हिरव्या असतील तर थांबायची मुभा हीच जात देते. २३.५ ते २५. एक गैरसमज मात्र काढून टाका. ढोबळी मिरचीचा वास आला की लोक म्हणतात अजून थांबू, जाईल. थोडा जातो, पण तो मुळात तयार होतो पाणी उतरायच्या आधी, सावलीत. कॅनॉपी (पानांचा पसारा) गच्च ठेवली असेल तर मार्चअखेर थांबूनही तो पूर्ण जाणार नाही, त्याचं उत्तर पुढच्या हंगामातल्या शेंडा-पानकामात आहे.

झिनफंडेल. ही जात तोडणीत सगळ्यात जास्त छळते. एकाच घडात एक मणी बेदाणा झालेला, शेजारचा पिकलेला आणि त्याच्या शेजारचा गुलाबी कच्चा. साल पातळ, घड गच्च, त्यामुळे थांबलात तर सड. नमुन्यात लोक सुकलेले मणी टाळतात आणि इथेच चुकतात, त्या मण्यातली साखर लगेच रसात उतरत नाही, टाकीत चुरल्यावर एक-दोन दिवसांनी उतरते. शेतात २३ दाखवणारा माल टाकीत २४.५ ला जाऊन बसतो. म्हणून नमुना सुकलेल्या मण्यांसकट घ्या, चांगला चुरा आणि पिशवी फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा ब्रिक्स घ्या. दोन्ही आकडे वाईनरीला सांगा. गुलाबी वाईनसाठी जात असेल तर २०-२१ ला, सुकायच्या आधीच तोडायचं, तेव्हा हा सगळा ताप कमी होतो.

बाकीच्या जाती थोडक्यात. मर्लो कॅबरनेच्या आधी येते, साल पातळ, आलेल्या दिवसापासून फार वाट बघत नाही. टेम्प्रानिल्योचं नावच स्पॅनिशमध्ये 'लवकर' या अर्थाच्या शब्दावरून आलंय, रंग भरपूर पण आम्लता मुळातच कमी, त्यामुळे पीएचवर डोळा ठेवून ब्रिक्स थोडा कमी असला तरी तोडावी लागते. व्हिओनिएचं उलटं, तिचा जर्दाळू-फुलांचा वास गोडी बरीच चढल्याशिवाय येत नाही, २२ च्या आत तोडलीत तर साधं पांढरं द्राक्ष, आणि फार थांबलात तर आम्लता शून्य. ती रोज चाखावी लागते.

## टप्पा ३: नमुना घ्यायची पद्धत

बहुतेक चुका इथे होतात, मशीनमध्ये नाही. डोळ्याला पिकलेला मणी आधी दिसतो आणि हात आपोआप तिकडेच जातो, म्हणून घाईत घेतलेला नमुना जवळपास नेहमीच खऱ्यापेक्षा गोड निघतो.

1. नमुना सकाळी, दव सुकल्यावर, दर वेळी साधारण त्याच वेळेला घ्या.
2. बांधाकडच्या दोन-तीन ओळी आणि ओळीतली टोकाची वेलं सोडून द्या, तिथे ऊन-पाणी वेगळं असतं.
3. एक ओळ आड किंवा दोन ओळी आड चालत जा, ओळीच्या दोन्ही बाजूंनी मणी घ्या. एका वेलीवरून दोन-तीनपेक्षा जास्त मणी नको.
4. घडाचा खांदा, मधला भाग, टोक, आणि घडाच्या मागची सावलीची बाजू, सगळीकडून आलटूनपालटून. मणी तोडताना शक्यतो घडाकडे न बघता हात घाला, खरंच सांगतो, याने फरक पडतो.
5. १०० मण्यांच्या दोन पिशव्या करा, वेगवेगळ्या ओळींतून. तुकडे वेगळे असतील तर प्रत्येक तुकड्याच्या दोन.

पाणी उतरल्यावर दोन आठवड्यांनी सुरुवात करा, आधी आठवड्यातून एकदा, ब्रिक्स १८ च्या पुढे गेला की दोनदा आणि शेवटच्या आठवड्यात एक दिवसाआड.

> तपासा: दोन पिशव्यांच्या ब्रिक्समध्ये १ पेक्षा जास्त फरक आला तर नमुना चुकलाय नाहीतर प्लॉट एकसारखा पिकत नाहीये. पुन्हा चाला. सरासरी काढून मोकळं होऊ नका.

## टप्पा ४: मोजणी, तीन आकडे आणि एक वजन

आधी मणी न चुरता १०० मण्यांचं वजन. मग पिशवीतच हाताने सगळे मणी नीट चुरा, बिया न फोडता. अर्धवट चुरलेल्या पिशवीतून वर येणारा रस खरा आकडा देत नाही, मण्याच्या वेगवेगळ्या भागात साखर सारखी नसते.

ब्रिक्स. रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड वॉटरवर शून्याला आणा, दर वेळी. तपमान आपोआप जुळवून घेणारा नसेल तर तो २० डिग्रीसाठी बनवलेला असतो आणि ३० डिग्रीच्या रसाला जवळपास पाऊण ब्रिक्स कमी दाखवतो. म्हणजे सकाळी ८ चा आणि दुपारी २ चा आकडा शेजारी ठेवून गोडी कमी झाली म्हणणारे चुकतात. काच पुसून घ्या, आधीच्या रसाचा सुकलेला थर हे चुकीच्या आकड्याचं फार साधं कारण आहे. अल्कोहोल किती येईल याचा ढोबळ अंदाज ब्रिक्सला ०.५५ ने गुणून येतो, २२ ब्रिक्स म्हणजे साधारण १२ टक्के.

पीएच. मीटर त्याच दिवशी बफरला लावून घ्या. माझा स्वतःचा नियम असा आहे की पांढऱ्या जातीत ३.४ आणि लालमध्ये ३.७ च्या पुढे पीएच निघाला की ब्रिक्सची वाट बघायची नाही. पीएच वाढला की वाईनमध्ये सल्फरडायऑक्साईडचा असर कमी होतो आणि जंतूंचं फावतं, म्हणून वाईनमेकर या आकड्याला इतका घाबरतो.

एकूण आम्लता. ही लॅबमधून करून घेतली तरी चालेल, पण घरी जमण्यासारखी आहे. १० मिली गाळलेला रस घ्या, त्यात ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण ब्युरेटने थेंब थेंब सोडा, फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत. लागलेले मिली गुणिले ०.७५ म्हणजे लिटरला किती ग्रॅम टार्टारिक ते येतं. ९.२ मिली लागले तर ६.९ ग्रॅम. लाल जातीच्या रसात गुलाबी रंग ओळखता येत नाही, तिथे पीएच मीटर बुडवून ८.२ पर्यंत जा. साध्या पांढऱ्याला ६ ते ८ ग्रॅमच्या पट्ट्यात असेल तर चांगलं, स्पार्कलिंगला त्याहून जास्त हवी. कॉस्टिक हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

आम्लता कमी का होते तेही लक्षात घ्या. मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकतं, मॅलिक मणी स्वतःच जाळून टाकतो आणि जितकं तपमान जास्त तितकं भराभर जाळतो. म्हणून जानेवारीच्या थंडीत आठवडाभर थांबणं आणि मार्चच्या उन्हात आठवडाभर थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ५: चाखणं, आणि हे टाळू नका

आकडे जमले तरी बागेत जाऊन चाखल्याशिवाय तारीख देऊ नका. बिनबियांच्या द्राक्षावर वाढलेल्या आपल्याला बी चावून बघायची सवयच नसते, ती लावून घ्यावी लागते.

वेगवेगळ्या वेलींवरचे वीसेक मणी, एक एक करून. मणी तोडताना देठ सहज सुटतो का बघा. तोंडात गर जिभेने दाबा, तो सालीपासून मोकळा होतो का? कच्च्या मण्यात गर सालीला चिकटून राहतो. मग साल आठ-दहा वेळा चावा. गवतासारखी आणि तोंड आखडणारी असेल तर अजून वेळ आहे, फळाची चव येत असेल तर जवळ आलात. लाल जात असेल तर चावलेली साल तळहातावर घासा, फिका गुलाबी डाग आणि गडद जांभळा डाग यातला फरक लगेच कळतो. शेवटी बी. हिरवी आणि चावल्यावर चिकटणारी म्हणजे कच्ची. तपकिरी, कडक, चावल्यावर कट्ट आवाज करणारी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी म्हणजे झालं. पांढऱ्या जातीत बीवर इतका जोर द्यायची गरज नाही कारण तिथे बिया-साल रसात भिजत ठेवत नाहीत, तिथे वासावर जोर द्या.

> चूक: बाग फिरताना सलग चाखत जाणं. दहा-बारा गोड मण्यांनंतर जीभ थकते आणि सगळंच गोड लागतं. मधे पाणी प्या, थोडी कोरडी भाकरी खा.

## टप्पा ६: तारीख ठरवणं

वहीत तारखेपुढे ब्रिक्स, पीएच, आम्लता, १०० मण्यांचं वजन आणि चवीचे दोन शब्द अशा रांगा असतील तर तारीख जवळपास आपोआप दिसते. समजा चेनिनचा ब्रिक्स सोमवारी १८.४ होता आणि शुक्रवारी १९.६, म्हणजे दिवसाला ०.३. तुम्हाला २१.५ हवाय, अजून १.९ बाकी, म्हणजे साधारण सहा दिवस. आज शुक्रवार तर पुढचा गुरुवार. वाईनरीला आत्ताच फोन करा, २१.५ झाल्यावर नाही, कारण हंगामात प्रेसला आणि टाक्यांना रांग असते आणि तुमचा माल तयार असताना तुमचा नंबर चार दिवसांनी लागला तर सोव्हिनॉनची वाट लागलेली असते.

पाण्याचं काय करायचं हा हमखास प्रश्न येतो. तोडणीआधी पाणी हळूहळू कमी करायचं, एकदम बंद नाही, विशेषतः मुरमात. पाणी तोडलं आणि पानं पिवळी पडून गळाली की साखर बनवणारा कारखानाच बंद झाला, मग नुसता मणी सुकतो. आणि तोडणीच्या दोन-तीन दिवस आधी वजनासाठी भरपूर पाणी सोडणं म्हणजे स्वतःचा ब्रिक्स स्वतः पातळ करणं, गच्च घडात मणी फुटतात ते वेगळं.

अवकाळीचं सावट असेल तर जातीप्रमाणे ठरवा. चेनिन आणि झिनफंडेल ब्रिक्सला अर्धा-एक कमी असतानाही वाईनरीशी बोलून काढून घ्या, गच्च घड पावसात टिकत नाही. कॅबरने ठेवता येतं. पाऊस पडून गेलाच तर दुसऱ्याच दिवशी तोडू नका, घड वाऱ्याने सुकू द्या, पुन्हा नमुना घ्या, आणि रोज चार-पाच घड फोडून आत सड सुरू झालीये का बघा.

## टप्पा ७: तोडणीचा दिवस

आदल्या दिवशी. क्रेट धुवून वाळवून ठेवा. ओल्या क्रेटमधलं पाणी रसात जातं आणि मागच्या मालाचा सुकलेला रस म्हणजे व्हिनेगरच्या जंतूंचं घर. कात्र्या मोजा. टोळीशी बोला. आपल्याकडे पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बऱ्याच टोळ्यांचा हात एक्स्पोर्टच्या कामावर बसलेला असतो, तिथे मण्यावरची लव जाऊ नये म्हणून घड देठाला धरून हळूच ठेवतात आणि एक एक मणी साफ करतात. वाईनला एवढी नजाकत नको पण निवड तेवढीच कडक हवी. काय घ्यायचं, काय नाही, हे पाच घड हातात घेऊन दाखवा. तोंडी सांगून भागत नाही.

वेळ. पांढऱ्या जाती पहाटे, हेडलॅम्प लावून, आणि ऊन तापायच्या आत गाडी निघाली पाहिजे. लाल जातींनाही सकाळचीच वेळ चांगली. गरम मणी क्रेटमध्ये फुटला की लगेच हवेशी लागून रस तपकिरी व्हायला लागतो आणि आंबायला सुरुवात होते.

क्रेटमध्ये काय नको. सडलेला किंवा व्हिनेगरचा वास येणारा घड, मिलीबगचा चिकट-काळा घड, भुरी लागलेला घड, बगलफुटीचा कच्चा घड, पानं, काड्या, सुतळी. गच्च घड संशय आला की मधोमध फोडून बघा. जमिनीवर पडलेलं उचलू नका, मातीसकट जातं.

भरणं. २० किलोच्या क्रेटमध्ये काठोकाठ भरून वर दुसरा क्रेट ठेवला की खालचा माल चिरडतो. चार बोटं जागा सोडा. भरलेला क्रेट उन्हात नको, वेलीच्या सावलीत. माल धुवायचा नाही, एकदाही नाही.

पहिल्या तासात किती क्रेट भरले ते मोजा आणि तिथेच हिशोब करा की गाडीच्या वेळेत काम होणार का. होणार नसेल तर माणसं वाढवा किंवा उरलेल्या ओळी उद्यावर टाका. दुपारी १ वाजता घाईत तोडलेले शेवटचे ३० क्रेट सकाळच्या चांगल्या मालात मिसळणं हा अगदी नेहमीचा तोटा आहे.

> तपासा: गाडी निघायच्या आधी वेगवेगळ्या १० क्रेटमधून थोडे थोडे घड चुरून शेवटचा ब्रिक्स आणि पीएच घ्या, तारीख-वेळेसकट फोटो काढून ठेवा. गेटवर आकडा वेगळा निघाला तर बोलायला आधार असतो.

## टप्पा ८: वाहतूक आणि गेट

ताडपत्री सावलीसाठी वरून बांधा पण घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते. दोन जाती एकाच गाडीत असतील तर क्रेटला वेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधा, कॅबरने आणि शिराझ क्रेटमध्ये बघून ओळखणं गर्दीत सोपं नसतं. रस्त्यात चहाला थांबायचं तर गाडी झाडाखाली.

गेटवर नमुना कुठून घेतात ते उभं राहून बघा. फक्त वरच्या थरातून घेत असतील तर शांतपणे मधल्या क्रेटमधूनही घ्यायला सांगा, हे मागणं तुमचा हक्क आहे. पावतीवर जात, वजन, ब्रिक्स, पीएच आणि कपात केली असेल तर तिचं कारण लिहून घ्या. "ग्रेड बी" एवढंच लिहिलेली पावती पुढच्या वर्षी काहीच शिकवत नाही.

परत आल्यावर बागेला पाणी द्या, वेलीवर पानं अजून काम करतायत आणि खरड छाटणीपर्यंत ती काडीत-मुळात साठा करतात. मग वही घेऊन बसा आणि गेटचा आकडा तुमच्या शेवटच्या नमुन्याशेजारी लिहा. दर गाडीला तुमचा आकडा गेटपेक्षा अर्धा-एक ब्रिक्स जास्त येत असेल तर नमुना घेताना हात अजूनही गोड मण्याकडेच जातोय, पुढच्या प्लॉटला तेवढं धरून चाला. आणि झिनफंडेल दिली असेल तर दोन दिवसांनी वाईनमेकरला फोन करून टाकीतला ब्रिक्स विचारा आणि तोही त्याच रांगेत लिहून ठेवा.